भट्टी कुणाची, धान्य कुणाचे?

(मुंबईला निवेदन घेऊन निघालेल्या कोरडवाहू जिल्ह्यांच्या प्रतिनिधींपुढे कळंबोली मुक्कामी केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून चर्चा व्हावी म्हणून छापत आहोत.)



उद्या सकाळी आपल्याला मुंबईत निवेदन द्यायचे आहे. कापसाचे कलम लिहून तयार आहे. अडले आहे ते ज्वारीच्या कलमावर. काही जण म्हणतात, पावसात काळी पडलेली ज्वारी बाजारात कुणी विचारत नाही, ती दारूच्या कारखान्याला जाऊ द्या, चार पैसे मिळतील. बाया म्हणतात, आमच्या घरात दारूने काय केले ते आम्हाला विचारा, निवेदनात तिचे नाव नको. दोघांचेही खरे आहे. मी शेतकीचा पदवीधर आणि आयर्लंडमधली व्हिस्कीची भट्टी पाहून आलेला, म्हणून तिथे काय पाहिले ते सांगा असा हुकूम झाला. सांगतो. शेवटी मात्र आपण ज्वारीवरच येणार आहोत.

आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क जिल्ह्यात मिडलटन नावाचे गाव आहे. जेमसन नावाची व्हिस्की तिथे होते. जुनी दगडी भट्टी १८२५ सालची. ती १९७५ साली बंद झाली आणि मागच्या बाजूला नवा कारखाना उभा राहिला. जुन्या भट्टीचे १९९२ पासून प्रेक्षणीय स्थळ केले आहे. तिकीट काढायचे, वाटाड्या सगळीकडे फिरवतो, शेवटी चव देतो. आत तांब्याचे एक पात्र आहे, जवळजवळ १ लाख ४४ हजार लिटरचे. अशा प्रकारचे जगातले सर्वांत मोठे पात्र म्हणून ते दाखवतात.

व्हिस्कीचे धान्य म्हणजे सातू, ज्याला आपल्याकडे जवही म्हणतात. सातू भिजवायचा, मोड आणायचे आणि मोड वाढायच्या आत गरम हवेने वाळवायचा. आपल्या घरी लेकरांसाठी नाचणीचे सत्त्व करताना बाया मोड आणतात, त्यातलेच हे काम. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर करणारे रस तयार होतात. मग दळायचे, गरम पाण्यात कालवायचे, गोड पाणी काढून त्यात यीस्ट घालून आंबवायचे. हे आंबवण तांब्याच्या पात्रात तापवून वाफ थंड करायची. मिडलटनला हे तीनदा करतात. मग लाकडी पिंपात भरून ठेवायचे. तिथल्या कायद्याप्रमाणे आयर्लंडच्या बेटावर किमान तीन वर्षे पिंपात राहिल्याशिवाय त्या मालाला आयरिश व्हिस्की म्हणता येत नाही. पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के माल हवेत उडतो. त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात.

शेवटी मेजावर तीन पेले ठेवतात, एक आयरिश, एक स्कॉटलंडचा, एक अमेरिकेचा. आयरिश तीनदा गाळलेली, म्हणून सौम्य. स्कॉटलंडच्या काही व्हिस्क्यांत सातू वाळवताना दलदलीतल्या मातीचा धूर देतात, तो वास उतरतो. अमेरिकेचा पेला मुख्यतः मक्याचा, आतून जाळलेल्या नव्या पिंपातला. मी प्रत्येकाचा घोट जिभेवर घेतला. फरक कळतो, मंडळी. धान्य कोणते, वाळवले कसे, लाकूड कोणते, हे सगळे जिभेला कळते. जिभेला एकच गोष्ट कळत नाही, ती म्हणजे शेतकऱ्याला काय मिळाले. ते हिशेबानेच काढावे लागते.

तो हिशेब मी करून आणला आहे. एक टन सातूपासून सुमारे ४०० लिटर शुद्ध मद्यार्क निघतो. ७०० मिलिलिटरच्या बाटलीत चाळीस टक्के मद्यार्क असतो. उडून जाणारा भाग वजा जाता एका टनात साडेबाराशे ते तेराशे बाटल्या होतात. सातूचा भाव टनाला २०० युरो धरा. बाटलीमागे शेतकऱ्याचे आले १५-१६ सेंट, म्हणजे एका युरोचा सहावा हिस्सा. त्याच बाटलीवर आयर्लंडचे सरकार जवळजवळ १२ युरो अबकारी कर घेते, विक्रीकर वेगळा. देवदूतांचा वाटा दोन टक्के आणि शेतकऱ्याचा एक टक्कासुद्धा नाही!

आणि हा भाव तरी कोण ठरवतो? माल्ट करणारी मोठी कंपनी आयरिश शेतकऱ्याला जो भाव देते तो फ्रान्समधल्या क्रेय या ठिकाणच्या भावाशी बांधलेला आहे. तिथले शेतकरी म्हणतात, आमचा खर्च निघत नाही. आपल्या कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या सट्ट्यावर हलतो, तसेच हे. आयरिश व्हिस्की हे नाव कायद्याने राखीव आहे. पण धान्य आयरिशच पाहिजे असे तो कायदा म्हणत नाही. हलक्या व्हिस्कीसाठी मका फ्रान्समधून येतो. म्हणजे नावाला कुंपण आहे, शेतकऱ्याला नाही.

असे का झाले? इतिहास पाहा. एके काळी तिथे खेडोपाडी भट्ट्या होत्या. १७७९ साली सरकारने कराची पद्धत बदलली. किती माल निघाला हे न पाहता, पात्राच्या आकारावरून इतका निघालाच पाहिजे असे धरून कर लावला. लहान भट्टीवाला मोडला. १७७९ साली परवान्याच्या १२२८ भट्ट्या होत्या, १७९० साली २४६ राहिल्या आणि १८२१ पर्यंत ३२. पुढे १७८५ साली मोड आणलेल्या धान्यावर कर बसला, तेव्हा भट्टीवाल्यांनी कर चुकवायला बिनमोडाचा कच्चा सातू मिसळायला सुरुवात केली. आज तीच त्या व्हिस्कीची खास चव म्हणून सांगतात. कराने चवसुद्धा ठरवली. मग भट्टी कुणाची हे कराने ठरवले यात नवल काय?

हे परदेशातलेच आहे असे समजू नका. आपण बसलो आहोत त्या कळंबोलीपासून खाडीच्या बाजूला उरण आहे. आज तिकडे न्हावा-शेव्याचे बंदर आहे, रात्रभर तिथले कंटेनर या नाक्यावरून जातात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उरण मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते. मुंबईची दारू तिथून जाई, मोहाची फुले गुजरातकडून जहाजाने येत आणि मालक बहुतेक पारशी व्यापारी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून धंदा मोठ्या मक्तेदारांकडे नेला. १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत परवान्याशिवाय मोहाची फुले बाळगायला आणि विकायला बंदी झाली. पनवेल तेव्हा कुलाब्यातच होते. अंगणातल्या झाडाची फुले वेचणारी कातकरी, ठाकूर बाई गुन्हेगार ठरली, आणि उरणची भट्टी चालू राहिली. आयर्लंडमध्ये जे झाले तेच इथे झाले. धान्य आणि फूल गरिबाचे, भट्टी परवानेवाल्याची.

आता आपल्या दाराशी या. जेमसनची मालक असलेली पर्नो रिकार ही फ्रेंच कंपनी नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला आधीपासून मद्यार्क काढते. २०२४ साली तिने नागपूरजवळ बुटीबोरीला माल्ट व्हिस्कीचा मोठा कारखाना जाहीर केला. दहा वर्षांत सुमारे १७८५ कोटी रुपये गुंतवणार असा आकडा सांगितला गेला. स्थानिक शेतकऱ्यांकडून सातू घेण्याची भाषा झाली. विदर्भातला कास्तकार सातू पेरत नाही. उद्या कोणी बियाणे घेऊन दारात आले तर काय विचारायचे ते शेतकीचा माणूस म्हणून सांगतो.

माल्टच्या सातूत प्रथिने कमी लागतात आणि जवळजवळ प्रत्येक दाणा उगवावा लागतो. युरिया जास्त पडला, प्रथिने वाढली, की माल नापास. दाणा भरण्याच्या वेळी ऊन तापले की दाणा बारीक राहतो आणि प्रथिने वाढतात. फेब्रुवारीअखेर आपल्याकडचे ऊन तुम्हाला माहीत आहे. म्हणजे पेरणी उशिरा झाली तर धोका शेतकऱ्याचा. नापास मालाचे काय, हे करारात लिहिलेले असले पाहिजे. सातूचा हमीभाव २०२६-२७ च्या विक्री हंगामासाठी क्विंटलला २१५० रुपये आहे. पाणी असलेल्या रानात त्या भावाला हरभरा सोडून सातू परवडतो का, हे आधी वहीत मांडा.

ज्वारीचे बघू. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने परदेशी पद्धतीच्या दारूवरचा कर वाढवला आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा, धान्यावर आधारित प्रकार काढला. तो राज्यातल्याच उत्पादकांनी करायचा. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत ठरली १४८ रुपये. एक क्विंटल ज्वारीत ३८ ते ४० लिटर मद्यार्क निघतो. बाटलीत ४२.८ टक्के मद्यार्क धरला तर २०० ग्रॅम ज्वारी लागते. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३६९९ रुपये. म्हणजे १४८ रुपयांच्या बाटलीत ज्वारी साडेसात रुपयांची. हमीभावावर क्विंटलला एक हजार रुपये जास्त दिले तरी बाटली दोन रुपयांनी महागेल. परवडत नाही असे कोणी म्हणाले तर हा हिशेब पुढे ठेवा. पण कायद्यात ज्वारीच वापरा असे बंधन नसेल तर कारखाना तांदळाची कणी किंवा मका, जे स्वस्त ते घेईल. त्याचा त्यात दोष नाही, धंदा असाच चालतो.

२००७ साली धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान जाहीर झाले होते, तेही ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला भाव मिळावा असे सांगून. अनुदान कारखान्याला होते. परवाने कुणाला मिळाले यावरून किती गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. शेतकऱ्याच्या नावाने पंगत आणि पान दुसऱ्याच्या पुढे!

ज्वारीची ताकद कमी नाही. नायजेरियाने १९८८ पासून सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या बिअर कारखान्यांना ज्वारी वापरावी लागली, आणि ते शिकले. ज्वारीचे पीठ जास्त उष्णतेला शिजते, तिच्या दाण्याला सातूसारखे टरफल नाही, साखर करणारा एक रस तिच्यात कमी असतो. या अडचणींवर उपाय आहेत. पण केनियाही लक्षात ठेवा. तिथे ज्वारीच्या स्वस्त बिअरला करमाफी होती म्हणून हजारो शेतकरी ज्वारीकडे वळले. २०१३ साली सरकारने माफी निम्मी केली, बिअरचा खप कोसळला आणि ज्वारी घरात पडून राहिली. आपल्याला हे नवे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचा ११ टक्के आयात कर असाच एका फटक्यात उठवला होता.

मायबहिणींना मला एवढेच सांगायचे आहे. तुमचा मुद्दा बाजूला ठेवून हे कलम लिहिता येणार नाही. बुटीबोरीच्या पलीकडे वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे. मतदानाने गावातले दुकान बंद करण्याचा तुमचा हक्क कोणत्याही कारखान्यासाठी ढिला होता कामा नये. ज्वारीला गिऱ्हाईक मिळाले म्हणून गावात गुत्ता आलाच पाहिजे असा नियम नाही.

म्हणून ज्वारीचे कलम असे लिहावे असे मी सुचवतो. त्यावर तुम्ही बोला.

एक, ‘धान्यावर आधारित’ या शब्दांच्या जोरावर ज्याला सवलत मिळते, त्याने राज्यातली ज्वारी ठरलेल्या प्रमाणात, पेरणीपूर्वी लेखी भावाने आणि हमीभावाच्या खाली न जाता घ्यावी. अनुदान असेल तर ते ज्वारीच्या पावतीवर शेतकऱ्याच्या खात्यात यावे.

दोन, सातू किंवा ज्वारीच्या करारात नापास मालाचा भाव आणि तपासणीची जागा लिहिलेली असावी. नमुना दोघांसमोर काढावा.

तीन, मोड आणून वाळवण्याचे काम, म्हणजे माल्ट, हे दारू नव्हे. तो लेकरांच्या खाण्यातही जातो. हे काम शेतकऱ्यांच्या कंपन्यांनी आपल्या हातात घ्यावे. अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी आपल्या खरीप वाणांची माल्टसाठी चाचणी करून निकाल जाहीर करावेत.

चार, मद्यार्क काढून उरलेला चोथा वाळवून पशुखाद्य म्हणून विकला जातो. काळ्या ज्वारीतले बुरशीचे विष दारूत उतरत नाही, चोथ्यात राहते. म्हणून त्याची तपासणी सक्तीची करावी. हा चोथा स्वस्तात बाजारात आला की सोयाबीनच्या पेंडीचा भाव दबतो, हेही सरकारने हिशेबात धरावे.

आणि एक गोष्ट निवेदनात नाही, घरात पाळायची आहे. मालदांडी भाकरीसाठी आहे, तिचा कडबा जनावरांसाठी आहे. ती भट्टीला घालायचा विचारही करू नका. विकायची ती खरिपाची संकरित, तीही हिशेब करून.

आता पाटीवर ही चार कलमे लिहितो. बाया आधी बोलतील, मग बाकीचे. साडेनऊपर्यंत एकमत झाले पाहिजे, पहाटे पाचला गाडी आहे.