तुटलेला धागा आणि नवा धंदा
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



सॉफ्टवेअरच्या स्टार्टअपविषयी मी बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. यशस्वी माणसाच्या चार गोष्टी ऐकावयास मिळतील अशी आपली अपेक्षा असेल, तर आधीच क्षमा मागतो. मी एका चुकीविषयी बोलणार आहे. त्या चुकीत माझ्या मातोश्रींची मुदतठेव गेली.

आम्ही तिघा मित्रांनी औषधविक्रेत्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करावयास घेतले. चौदा महिने दार लावून खपलो. बिले, उधारी, करांची विवरणपत्रे, काही म्हणून सोडले नाही. नंतर ते घेऊन एका वयस्क दुकानदारांकडे गेलो. त्यांनी सर्व शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "पोरांनो, कष्ट दिसताहेत. पण हिशेबाचं माझं चाललं आहे. कोणत्या औषधांची मुदत संपत आली, तेवढी यादी मला वेळेवर मिळेल का?" तेवढेच आम्ही केलेले नव्हते! हा प्रश्न पहिल्याच दिवशी, एका चहाच्या खर्चात, आम्हांस कळला असता.

या चुकीवरील उपायाला 'लीन' पद्धती म्हणतात. लीन म्हणजे सडपातळ; म्हणून पुष्कळांना ती निव्वळ काटकसरीची विद्या वाटते. परंतु तिचे एक मूळ जपानातील मागावर आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. इचलकरंजी-सोलापूरकडील मंडळींना याचे मोल निराळे सांगावयास नको. पुढे टोयोटाच्या मोटार-कारखान्यात ताइइची ओनो यांनी हेच तत्त्व रुजविले. दोष दिसताच कामगाराने काम थांबवावे, आणि पुढच्या टप्प्याला हवे तेवढेच, हवे तेव्हाच तयार करावे, अशी ती शिस्त होती.

सॉफ्टवेअरमध्ये तुटलेला धागा डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण. अमेरिकेत एरिक रीस व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये आयएमव्हीयू ही कंपनी काढली. रीस यांनी सहा महिने खपून आपले सॉफ्टवेअर लोकांच्या वापरातील निरनिराळ्या संदेश-सेवांशी जोडले. लोकांना ती जोडणी नकोच होती. पुष्कळसा कोड टाकून द्यावा लागला. एवढे लिहिण्यापूर्वीच हे कळले नसते काय, या प्रश्नातून त्यांचे विचार घडले आणि २०११ मध्ये त्यांचे 'द लीन स्टार्टअप' हे पुस्तक निघाले. ड्रॉपबॉक्सचे ड्र्यू ह्यूस्टन यांनी तर, माल सर्वांसाठी खुला होण्यापूर्वीच, तो कसा चालतो हे दाखविणारी लहानशी चित्रफीत प्रसिद्ध केली. ते सांगतात की, प्रतीक्षायादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली. लोकांना काय हवे ते अशा रीतीने आधी कळले.

आता थांबण्याविषयी. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीत आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढविण्याचे राहून गेले. बाजार उघडताच तेथील जुना, निकामी कोड जागा झाला आणि सुमारे पंचेचाळीस मिनिटांत चव्वेचाळीस कोटींहून अधिक डॉलर बुडाले. बाजार उघडण्यापूर्वी इशारा देणारे ९७ ईमेल यंत्रणेने पाठविले होते. ते कोणी वेळेवर पाहिले नाहीत. धागा तुटल्याचे मागाने सांगितले, थांबविणारा हात मात्र नव्हता! म्हणून जाणते अभियंते एकदम मोठा बदल करीत नाहीत. लहान लहान बदल करतात, प्रत्येकाची यंत्राकरवी परीक्षा घेतात आणि बिघाड दिसताच मागे फिरतात. हे कंटाळवाणे आहे; आमच्या तरुणांना ते आवडत नाही, मलाही आवडत नसे.

त्या दुकानदारांकडून परतल्यावर आम्ही सॉफ्टवेअर बाजूस ठेवले. पाच दुकानांतील मुदतीच्या नोंदी हाताने एका साध्या तक्त्यात उतरविल्या आणि दर शनिवारी सायंकाळी यादी व्हॉट्सॲपवर पाठवू लागलो. दोन महिन्यांनी पैसे मागितले. तिघांनी दिले, दोघांनी नाही म्हटले. त्या दोघांच्या नकारातून अधिक कळले. यादी मिळे, पण माल परत पाठविण्याचे कागद करावयास त्यांच्याकडे माणूस नव्हता. कोडची पहिली ओळ त्यानंतर लिहिली, आणि ती त्या कागदांसाठी लिहिली.

आपल्या ज्ञातीच्या निधीतून तरुणांना धंद्यासाठी कर्ज मिळते. अर्जासोबत पाच वर्षांच्या नफ्याचा तक्ता मागितला जातो. मीही तसा एक सुबक तक्ता एके काळी जोडला होता. माझी समितीस नम्र विनंती आहे की, त्याऐवजी अर्जदाराने भेटलेल्या दहा गिऱ्हाइकांची नावे आणि त्यांनी काय सांगितले ते मागावे. रक्कमही एकदम न देता तीन हप्त्यांत द्यावी आणि प्रत्येक हप्त्यापूर्वी हाच प्रश्न पुन्हा विचारावा. मातोश्री समोरच बसल्या आहेत. ठेवीची निम्मी रक्कम त्यांना परत केली आहे. उरलेली येत्या दिवाळीपर्यंत देईन.