पावसाची बातमी, फोनवरची


समजा, जुलैची रात्र. बाहेर धो धो पाऊस.
फोनवर निरोप येतो...
'उद्या शाळा बंद.'
खरं मानायचं का?

व्हॉट्सॲपवर त्या निरोपावर दोन बाण दिसतात का, बघा.
दिसले, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय.
मूळ कुणाचा, कळत नाही.

म्हणून आजच, ऊन असताना,
हवामान खातं, जिल्हाधिकारी, महापालिका...
यांची अधिकृत पानं शोधा. 'फॉलो' दाबा.

एक्सवर निळ्या खुणेला भुलू नका.
ती पैसे भरूनही मिळते.
सरकारी खात्यांची खूण करडी असते.

पुन्हा सांगते...
दोन बाण दिसले, की आधी अधिकृत पान उघडा.

आणि तारीख बघा, बरं का.
जुन्या पुराचे व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने फिरतात.