घर कुणाच्या सोयीचं?
(महिला मेळाव्यातील भाषण)



नोकरीसाठी मुंबईकडे यायचं ठरलं की घरात हिशेब होतो. ठाणं परवडत नाही, मग डोंबिवली. तेही जमत नसेल तर कल्याण. चौरस फुटांचा हा हिशेब बहुतेकदा पुरुष करतात. मिनिटांचा हिशेब बाईला चुकता करावा लागतो.

मुंबई सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. नकाशावर फरक थोडा दिसतो. पण तेवढ्यासाठी पहाटे आधी उठून पाणी भरायचं, डबे करायचे, मूल पाळणाघरात सोडायचं आणि लोकलला लोंबकळायचं. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून माणसं मेली, हे आपण विसरलेलो नाही. शेवटी ‘झेपत नाही’ म्हणून नोकरी सुटते ती बाईचीच. वर म्हणतात, तिनं स्वखुशीनं सोडली!

म्हणून जागा बघायला आपण स्वतः जाऊ या. रविवारी नको, कामाच्या दिवशी सकाळी आठला. गाडी इथून सुटते की भरून येते? पाणी कधी येतं? पाळणाघर किती लांब? रात्री रिक्षा मिळते का, रस्त्यावर दिवे आहेत का? शेजारणींना विचारा, त्या खरं सांगतील.

आणि करारावर नाव कुणाचं? फक्त स्त्रीच्या नावानं घर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलतीसाठी आपलं नाव लावतीलही. त्याआधी आपलं मत विचारायला लावू या.