उद्यानाचे फाटक आणि दुपारची सावली



शहरातील हरित क्षेत्रांचा विषय निघाला की आपण बहुधा चौरस मीटरांत बोलतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचविली आहे. दाट वस्तीच्या जुन्या शहरांत ती आता कोठून आणावयाची, हा प्रश्न खराच. परंतु जी जागा हाती आहे ती कोणाच्या आणि कोणत्या वेळी उपयोगी पडते, याचा विचार त्याहून कमी होतो.

अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे पुढे संशोधकांनी मोजले. त्यातून बोध घेऊन तेथे २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू झाला. दक्षिण आशियातील तो पहिलाच. पूर्वसूचना मिळाली, तरी उन्हात राबणाऱ्या माणसाला जवळ सावली हवीच. झाड ऊन अडवते, शिवाय पानांवाटे बाष्प सोडून भोवतालची हवा थंड करते. उलट काँक्रीट व डांबर दिवसभर शोषलेली उष्णता रात्री बाहेर टाकतात. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला मग रात्रीही विसावा नाही.

आता उद्यानांच्या वेळा पाहा. अनेक शहरांत ती पहाटे उघडतात, सकाळी उशिरा बंद होतात आणि सायंकाळी पुन्हा उघडतात. ही सोय फिरावयास येणाऱ्यांची. (मधुमेह, रक्तदाब यांच्या दृष्टीने त्यांचे चालणे मोलाचेच आहे, माझा रोख त्यांच्यावर नाही.) परंतु हातगाडीवाले, बांधकाम मजूर, सफाई कामगार यांना दुपारी सावलीची गरज असते, आणि नेमके तेव्हाच फाटकाला कुलूप असते. बंगळूरु महापालिकेने २०२४ मध्ये आपली उद्याने पहाटे ५ ते रात्री १० पर्यंत खुली ठेवण्याचा निर्णय घेतला. यासाठी नवी जमीन लागत नाही. लागतो तो आणखी एका पाळीचा रखवालदार, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह. स्वच्छतागृह नसेल तर स्त्रिया तेथे थांबू शकत नाहीत, हे नियोजनकारांच्या सहसा ध्यानी येत नाही.

लागवडीचेही तेच. लॉनला पाणी भरपूर लागते, सावली मात्र मिळत नाही. आणि वर त्यावर बसू नये अशी पाटी! त्या पाण्यात कडुनिंब, करंज, पिंपळ सहज वाढतील. ते सावली देईपर्यंत काही वर्षे जातील. तोवर आहेत त्या जुन्या झाडांखालचे फाटक येत्या मार्चपासून दुपारी उघडे ठेवावे, एवढी माझी मागणी आहे.