कोंबडी खुडूक बसली की तोटा होतो का?

आज विषय कोंबड्यांचा. गावी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या अंड्यांसाठी पाळायच्या, तर कुठल्या?

मी पुण्यात कोड लिहितो, पण घर वरंधला, घाटाच्या पायथ्याशी. कोंबड्या आई सांभाळते आणि अंड्यांचे पैसेही तिचेच. भाताचे पैसे वर्षातून एकदा येतात, अंड्यांचे मात्र अधूनमधून येत राहतात. म्हणजे इथे काही बदलायचं तर हात तिच्या बटव्याला लागतो, हे आधी ध्यानात घ्या.

आता आकडे बघू. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60-70 अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली ग्रामप्रिया परसात 160 च्या आसपास जाते. एक्सेलमध्ये निकाल लगेच लागतो, नाही का?

पण गावठीची बाकीची अंडी जातात कुठे? ती दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. 21 दिवस अंडी उबवते, मग पिल्लं घेऊन फिरते. तेवढे दिवस अंडी बंद. मात्र त्याच दिवसांत ती पुढची पिढी तयार करत असते. तेही बिनविजेचं! ग्रामप्रिया सहसा खुडूक बसत नाही. तिची पिल्लं दर वेळी विकत आणायची, पहिले काही आठवडे बल्बखाली ऊब द्यायची. आमच्याकडे जुलैत लाईट कधी जाईल सांगता येत नाही, वरंधा घाटही पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवतात. अशा रात्री पुण्यातून मी काय करणार? आईच्या पंखाखालची पिल्लं मात्र उबेत असतात. दिवसा घार दिसली तर तीच ओरडून त्यांना लपवते.

म्हणून आम्ही दोन्ही ठेवल्या. गावठी वंशासाठी, आणि थोड्या ग्रामप्रिया बाजाराच्या अंड्यांसाठी. त्याही ऊब लागत नाही इतक्या वाढलेल्या तलंगाच आणायच्या, पावसाळा सरल्यावर. ग्रामप्रियाची अंडी गावठीखाली उबवून तितकीच अंडी देणारी पोरं मिळतील, ही आशा धरू नका. पुढच्या पिढीत तो गुण तसाच उतरत नाही.

जात कुठलीही असो, तीन गोष्टी हव्यातच. खुराड्याची जमीन कोरडी हवी. खाली भाताचं तूस टाका, ओलं झालं की बदला. ओल्या जमिनीवर पिल्लांना रक्ती हगवण लागते. दुसरं, चरून पोट भरतं असं समजू नका. संध्याकाळी मूठभर दाणे द्या, कवच पक्कं व्हायला कुटलेल्या शिंपल्या ठेवा. तिसरं, मानमोडीची लस. पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. लसीची एक बाटली शंभरेक पक्ष्यांना पुरते आणि उघडली की थोड्याच वेळात संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? त्यामुळे अख्ख्या वाडीने एकाच दिवशी लस द्यावी. शेजारच्या कोंबड्या मेल्या तर आपल्याही वाचत नाहीत.

तुमच्या घरी कोंबड्या असतील तर एक करा. किती अंडी मिळाली ते लिहाच, पण खुडूक किती बसल्या आणि पिल्लं किती जगली तेही लिहा. आणि वही ज्या बाईच्या हातात कोंबड्या आहेत, तिच्याकडेच द्या.

भेटू पुढच्या भागात!