न धुतलेली फिल्म आणि तिचा राखणदार

(चेन्नई येथे कामगारांच्या अभ्यास वर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



मुंबई आणि चेन्नई यांचे चित्रपटाचे नाते जुने आहे. मुंबईत 1931 च्या 'आलम आरा'त काम केलेले एल. व्ही. प्रसाद पुढे इथे स्थिरावले. 1976 मध्ये इथे सुरू झालेल्या प्रसाद लॅबमध्ये अनेक भाषांतील चित्रपटांची फिल्म धुतली गेली. आज मला बोलायचे आहे ते कॅमेऱ्यातून निघालेल्या, पण अजून लॅबमध्ये न पोहोचलेल्या फिल्मविषयी.

35 मिलिमीटरचे 400 फुटांचे रीळ म्हणजे जेमतेम साडेचार मिनिटांचे चित्रण. पण त्या डब्यात नट, लाइटमन, मेकअपमन, सुतार, स्पॉटबॉय अशा शेकडो हातांची दिवसभराची मेहनत बंद असते. ती ना डोळ्यांनी दिसते, ना तिची दुसरी प्रत असते. प्रकाश पडला की फिल्मवर सुप्त प्रतिमा उमटते. धुईपर्यंत ती कच्चीच राहते. उष्णता आणि दमटपणा यांनी ती फिकट होते, फिल्मवर धूसरपणा चढतो. रंगीत फिल्मचे तीन थर सारख्या गतीने बिघडत नाहीत, म्हणून रंगांचा तोल जातो. तो पुढे पूर्णपणे सावरता येत नाही.

चेन्नईत मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, शिवाय समुद्राची दमट हवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर भट्टीच असते. म्हणून पहिला नियम असा, की फिल्म शक्यतो त्याच दिवशी लॅबकडे रवाना करावी. ते जमत नसेल तर काळ्या पिशवीत घालून, डब्याची कड टेपने पक्की बंद करून थंड जागी ठेवावी. साधारण 13 अंशांखाली असल्यास उत्तम. थंडीतून काढलेला डबा लगेच उघडू नये. काही तास बाहेरच्या हवेत ठेवावा, नाहीतर आत दव धरते. रंग, रसायने, डांबरगोळ्या यांच्याजवळ डबा ठेवू नये. डब्यावर फिल्मचा प्रकार, फूट, तारीख आणि 'एक्स्पोज झालेली, अंधारातच उघडा' असे ठळक लिहावे.

डिजिटल आल्यावर, 2010 नंतरच्या काही वर्षांत, प्रसादमधील फिल्म धुण्याचे काम थांबले. आज कोणी फिल्मवर चित्रण केले तर डबे दूर पाठवावे लागतात. वाट लांबली म्हणजे धोकाही वाढला. विमानतळावरील क्ष-किरण तपासणीने न धुतलेली फिल्म खराब होऊ शकते. नव्या सीटी यंत्रांचा धोका अधिक. डबे हाताने तपासावेत, अशी विनंती आधीच लेखी करून ठेवावी.

आता मुद्द्याचे. फिल्म बिघडली की पहिले बोट कॅमेरा असिस्टंटकडे दाखवले जाते. पण त्याला बर्फाची पेटी दिली होती का? लॅबकडे जायला गाडी दिली होती का? 1981 च्या सिने कामगार कायद्याने लेखी कराराचे तत्त्व मान्य केले. त्याच न्यायाने डबा कोणी, कधी, कोणाच्या हाती दिला याची सही असलेली वही युनिटवर असलीच पाहिजे. साधने देणे ही निर्मात्याची जबाबदारी, ती नीट वापरणे ही आपली. दोन्ही गोष्टी कागदावर आल्या, तर शेकडो कामगारांची मेहनतही वाचेल आणि असिस्टंटची रोजीही.