लॅपटॉप घेऊन परदेशात राहायचंय? आधी साहेबाचं पत्र, मग व्हिसा

हेडफोन लावा, चहा घ्या, आणि आजचा विषय नीट ऐका, कारण यात बऱ्याच जणांचे पैसे अडकलेत आणि काहींचे अडकायच्या बेतात आहेत.

लॉकडाऊननंतर आपण सगळ्यांनी बघितलं. मुंबईची माणसं लॅपटॉप घेऊन लोणावळ्यात आली, तुंगार्लीतल्या बंगल्यात बसली आणि तिथून ऑफिस चालवायला लागली. त्यांना कुणी विचारलं नाही, ‘कुठे बसलायस?’ मग आपल्या कामशेत-वडगावच्या पोरांना वाटणारच, की ते इथून करतात तर मी बँकॉकमधून, लिस्बनमधून का नको? काम तेच, वायफाय तेच.

वाटणं चूक नाही. अनेक देशांनी त्यासाठी वेगळा व्हिसा काढलाय. एस्टोनियाने २०२० मध्ये सुरू केला. २०२२ मध्ये पोर्तुगाल आणि मलेशिया आले, २०२४ च्या जुलैत थायलंड. याला सगळे ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’ म्हणतात. सगळ्यांची मूळ अट एकच: आमच्या देशात राहा, खर्च करा, पण पगार बाहेरून आणा. आमच्या माणसाची नोकरी घेऊ नका.

आता आकडे. थायलंडचा ‘डीटीव्ही’ व्हिसा पाच वर्षांचा आहे, एका एंट्रीत १८० दिवस राहता येतं. त्यासाठी खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे आपले बारा-चौदा लाख रुपये. मलेशियात डिजिटल क्षेत्रातल्या माणसाची वर्षाची मिळकत २४,००० डॉलर लागते, म्हणजे वीस लाखांच्या आसपास. पोर्तुगाल तर तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक मिळकत मागतो. २०२४ मध्ये ते ३,२८० युरो होत होते. हिंजवडीत नवीन लागलेल्या पोराने हा आकडा ऐकून गाणी लावायला हरकत नाही!

पण इथे एक फरक ओळखा. काही देश शिल्लक बघतात, काही मिळकत बघतात. आपल्याकडे एक्स्प्रेस-वेच्या कडेला दोन गुंठे विकले की खात्यात मोठी रक्कम येते. ती शिल्लक झाली, मिळकत नाही. पोर्तुगालच्या अर्जात ती मिळकतीची जागा घेत नाही. आणि मामाकडून आठ दिवसांसाठी दहा लाख आणून खात्यात ठेवायचे, हा उद्योग तर करूच नका. गेल्या काही महिन्यांचं स्टेटमेंट मागतात. आदल्या आठवड्यात एकदम फुगलेलं खातं कुणाच्याही डोळ्यांत भरतं.

समजा, पैशाचं जमलं. तरी माझ्या मते खरी खिंड पुढेच आहे, आणि ती दूतावासात नाही, तुमच्याच ऑफिसात आहे. जवळपास प्रत्येक देश कंपनीचं पत्र मागतो: हा आमचा कर्मचारी, हा पगार, आणि याला भारताबाहेरून काम करायची परवानगी आहे. ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणजे ही परवानगी नव्हे. घर म्हणजे तळेगावचं घर, फुकेतचं नव्हे.

कंपनी नाही का म्हणते? एचआरवाल्याला तुमचा राग नसतो. क्लायंटच्या करारात डेटा कुठल्या देशातून उघडायचा, हे लिहिलेलं असू शकतं. माणूस दुसऱ्या देशात बसून काम करायला लागला, की तिथला टॅक्स कंपनीच्या मागे लागायची भीती असते. म्हणून आधी मॅनेजरशी बोला, लेखी घ्या. तोंडी ‘जा रे, काय होतंय’ व्हिसाच्या अर्जाला जोडता येत नाही.

फ्रीलान्सर असाल तर पत्राच्या जागी करार, इन्व्हॉइस, बँकेत आलेले पैसे आणि इन्कम टॅक्स रिटर्न. या चारही गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

आता कागद. आपल्याकडचा जुना घोळ म्हणजे नाव. ‘ज्ञानेश्वर’ दहावीच्या मार्कशीटवर ‘डी’ने सुरू होतो आणि पॅन कार्डवर ‘जी’ने. हे अर्जाआधी निस्तरा. स्पेनसारखे देश पोलीस क्लिअरन्स मागतात. तो पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढायचा. पडताळणी पत्त्याप्रमाणे होते: लोणावळा, कामशेत, वडगाव पुणे ग्रामीण पोलिसांकडे, तर तळेगाव दाभाडे, देहूरोड पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. भाड्याची खोली तळेगावात आणि पासपोर्टवर गाव कामशेतचं, असं असेल तर पत्त्याचं आधी बघा. त्यानंतर त्या कागदावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का लागतो. भारत २००५ पासून त्या करारात आहे, त्यामुळे करारातल्या देशांत तो शिक्का चालतो.

टॅक्सचं एकच सांगतो. आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिलात, तर तुम्ही इथले रहिवासी, आणि जगभरातल्या मिळकतीचा हिशोब इथे द्यायचा. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर मोजा, १८३ दिवस होतात. म्हणजे दिवाळीनंतर निघालात तर ते वर्ष भारताचंच. शिवाय तिकडेही सहा महिने झाले की तिथला टॅक्स लागू होऊ शकतो. सीएची फी आधी द्या, स्वस्तात पडते.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘टुरिस्ट व्हिसावर जा, हॉटेलात बसून काम कर, कोण बघतंय’ असं सांगणारे एजंट भेटतील. बहुतेकदा कोणी बघत नाही, हे खरं. पण इमिग्रेशनच्या खिडकीवर प्रश्न आला तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, एजंट तिथे नसतो. परत पाठवलं तर ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावी लागू शकते. तेविसाव्या वर्षी एका महिन्याच्या मजेसाठी पुढची दहा वर्षं अवघड करून घेऊ नका.

मग करायचं काय? आज रात्री तीन गोष्टी बघा. ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण काय लिहिलंय, खात्यात दर महिन्याला नक्की किती येतात, आणि पासपोर्टवरचं नाव-पत्ता बरोबर आहे का. तिन्ही जमलं तर त्या देशाच्या दूतावासाच्या वेबसाइटवर आजचे आकडे तपासा, ते दरवर्षी बदलतात. पत्र मिळत नसेल, तर परदेशी क्लायंट शोधायला वर्ष-दोन वर्षं द्या. आई-बाबांची एफडी मोडायची घाई नको. थायलंड कुठे पळून जात नाही.

तुमच्या ऑफर लेटरमध्ये काय निघालं, ते व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. काळजी घ्या, भेटू!